छाती-दाढीचे केस डोक्यावर लावताना या चुका टाळा

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी दोनदा रेझर फिरवून, लग्नाला निघाल्यासारखी गुळगुळीत दाढी करून क्लिनिकमध्ये हजर झालो. डॉक्टरांनी माझ्या हनुवटीखाली बोट फिरवलं आणि विचारलं, "आता यातून काढू काय?" त्या दिवशी परत पाठवलं. टकलावर लावायला माझे केस डोक्याच्या मागच्या पट्ट्यातून आधीच दोनदा काढून झाले होते, म्हणून दाढीवर वेळ आली होती, आणि पहिल्याच घासाला असा खडा लागला.

दाढी किंवा छातीचा केस काढायचा तर त्याचा मिलिमीटरभर खुंट वर दिसावा लागतो. तो कोणत्या दिशेला झुकलाय हे पाहूनच त्याच्याभोवती एक मिलिमीटरहून लहान पंच, म्हणजे धारदार गोल नळी, फिरवतात. दाढीसाठी चार-पाच दिवसांचे खुंट पुरतात. छातीला मात्र आठवडा-दहा दिवस आधी वस्तरा फिरवून थांबावं लागतं, आणि त्याचं कारण वेगळं आहे. डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस कुठल्याही घडीला वाढत असतात. छाती, पोट, मांड्या इथले बरेचसे केस मात्र विश्रांती घेत बसलेले असतात. वस्तऱ्यानंतर जे केस पुन्हा वर येतात ते वाढीतले. डॉक्टरांना तेवढेच काढायचे असतात. घरी अंदाज घ्यायचा असेल तर छातीवर रुपयाच्या नाण्याएवढी जागा साफ करा आणि आठव्या दिवशी आरशासमोर उजेडात मोजा. आधी जंगल वाटणाऱ्या छातीतून किती थोडे केस उगवले हे पाहून बरेच जण गप्प होतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार! वॅक्सिंग आणि लेझर तर या काळात विसराच. लेझरने कायमचे घालवलेले केस नंतर हवे होते, असं म्हणणारे मला दोघे भेटले आहेत.

ग्राफ्टच्या आकड्याला भुलणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेला केसांचा बारीक पुंजका. डोक्याच्या मागच्या भागातल्या एका ग्राफ्टमध्ये एक ते तीन केस असतात, कधी चारही. दाढी-छातीच्या ग्राफ्टमध्ये बहुतेक वेळा एकच. म्हणजे डोक्याच्या हजार ग्राफ्टमधून दोन हजारांच्या आसपास केस मिळतात आणि छातीच्या हजारांतून जेमतेम हजार, तेही बारीक. बिल मात्र ग्राफ्टवर. त्यामुळे कोटेशन घेताना "केस किती?" हा प्रश्न विचारा, आणि किती दाढीचे, किती छातीचे हे वेगळं लिहून घ्या. ज्याला नुसत्या छातीच्या जोरावर पूर्ण टक्कल झाकून देण्याचं आश्वासन मिळतंय, त्याने तिथून उठावं. अंगावरचे केस हे तोंडी लावणं आहे. पोळी-भाजी डोक्याच्या मागच्या पट्ट्यातूनच यायला हवी.

यातही दाढीचा क्रम पहिला. गंमत अशी, की ज्या हार्मोनमुळे माथ्यावरचे केस बारीक होत जातात, त्याच हार्मोनवर दाढी पोसली जाते. जबड्याच्या कडेखालचे, गळ्याकडचे केस जाड असतात, चांगले रुजतात आणि तिथले व्रणही सहसा दिसत नाहीत. छाती दुसरी. पाय, पोट, काखा यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

कपाळावर दाढी

जाड, राठ केस पुढच्या रेषेत लावले तर उन्हात ते ब्रशसारखे दिसतात. पुढे डोक्याचेच एकेरी, मऊ केस हवेत. दाढीच्या केसांची जागा मधल्या माथ्यावर आणि भोवऱ्यात, तीही डोक्याच्या केसांत मिसळून. जुन्या पट्टी-पद्धतीच्या ऑपरेशनचा मागचा लांब व्रण झाकायलाही ते उत्तम. लांबीबद्दल मोठ्या आशा ठेवू नका. 1959 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी मांडलं, की लावलेला केस आपल्या मूळ जागेचा स्वभाव राखतो. पुढे कोरियातल्या डॉक्टरांनी डोक्याचे केस पायावर लावून पाहिले तेव्हा ते तिथे हळू वाढले, म्हणजे नवी जागाही थोडा रंग दाखवते. तरी छातीचा केस डोक्यावर येऊन खांद्यापर्यंत वाढेल, या भ्रमात राहू नये. दाढी आधी पिकत असेल तर माथ्यावर पांढरे ठिपके दिसतील, हेही धरून चाला.

बाही वर करून बघा

दंडावरची लहानपणीची बीसीजीची खूण पाहा. ती जाड, उंचावलेली, खाजणारी असेल किंवा कान टोचल्यावर गाठ आली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. छातीचा मधला भाग केलॉइडसाठी, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणाऱ्या अशा जाड व्रणासाठी, बदनाम आहे. केलॉइड झाला नाही तरी गव्हाळ-सावळ्या त्वचेवर पांढरट ठिपके राहतात, म्हणून छातीवरचे केस सरसकट न काढता विरळ करत काढावेत. पोहायला जाणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

भुलीचाही हिशोब असतो. ॲड्रेनालिन मिसळलेल्या लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, मर्यादा साधारण दर किलोला 7 मिलिग्रॅम. 70 किलोच्या माणसाला 2 टक्क्यांचं जेमतेम 24 मिली होतं. एकाच दिवशी डोकं, गळा आणि छाती बधिर करायची तर ते भराभर संपतं. त्यामुळे काम दोन बैठकांत वाटून घ्या आणि सुई कोणाच्या हातात असेल ते विचारा. युट्यूब पाहून मिळालेलं प्रशिक्षण पुरेसं नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्टच सांगितलंय.

नंतर घाबरून केलेल्या चुका

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळतात. मुळं आत असतात. मी उशीवरचे केस कागदावर गोळा करून डॉक्टरांना दाखवायला नेले होते, ते हसले. नवे केस तीन-चार महिन्यांनी डोकं वर काढतात, अंगावरचे आणखी उशिरा. त्यांचा निकाल दीड वर्षाआधी लावू नये. मधे पुटकुळ्या येतात, कारण वळलेला केस आतच अडकतो. कोमट पाण्याचा शेक द्या, नखाने फोडू नका. पू, ताप किंवा पसरणारी लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि उरलेल्या मूळ केसांसाठी सुरू असलेली औषधं मनाने बंद करू नका. रोपण त्यांना वाचवत नाही.

माझ्या भोवऱ्यातले दाढीचे केस आजही उभेच राहतात. तेल, जेल, सगळं करून झालं. शेवटी न्हाव्यानेच तोडगा काढला, "साहेब, सगळीकडे तीन नंबर मारू." दर तीन आठवड्यांनी मारतो.