डॉग ट्रेनर काका गेले, आता त्यांची आठवण नीट कशी ठेवायची

आमचे लॅब्राडॉर शिकवणारे काका गेले तेव्हा ग्रुपवर दोन दिवस नुसता भावपूर्ण श्रद्धांजलीचा पाऊस पडला, आणि सगळं वर-खाली वाचलं तरी त्यात काका कुठे सापडेनात. मग आम्ही चारपाच जणांनी बसून जे केलं ते सांगतो, तुमच्यातलं असं कुणी गेलं तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे तेराव्याच्या आत फोन करायला घ्या, नंतर लोक आपापल्या कामाला लागतात. "काका कसे होते" असं विचारलंत तर "देवमाणूस होते" याच्या पुढे गाडी जात नाही. विचारायचं की पहिल्या दिवशी काय बोलले, कशावरून झापलं. आणि व्हॉइस नोटच मागा, टाईप करायला सांगितलं की चांगली बोलणारी माणसंसुद्धा शोकसभेची भाषा लिहायला लागतात. मला ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "कुत्रा ठीक आहे रे, तू बडबड कमी कर, सिट एकदाच म्हणायचं."

मग वही. काकूंना जरा सावरू द्या, आणि वही घरी घेऊन जाऊ नका, तिथेच बसून पानन्‌पान मोबाईलवर फोटो काढा. काकांची दोनशेपानी वही होती, तारीख, कुत्र्याचं नाव, किती डमी, बास. डमी म्हणजे कॅनव्हासची लांबुळकी पिशवी, साधारण अर्ध्या किलोची, शिकारीत पाडलेल्या पक्ष्याऐवजी तीच फेकायची आणि कुत्र्याने ती आणून हातात द्यायची. जवळजवळ प्रत्येक पानावर एकच ओळ, "४ झाल्या, ५वी नको". आम्हाला काही कळेना, शेवटी त्यांच्याकडे सगळ्यात आधी शिकलेल्या एकाने सांगितलं की कुत्र्याला अजून हवं असतं तेव्हाच थांबायचं, कंटाळेपर्यंत फेकत बसलं की दुसऱ्या दिवशी तो डमी अर्ध्यावर टाकून गवत हुंगत फिरतो. अशी एक ओळ हाताला लागली की समर्पित, निष्ठावान वगैरे सगळं खोडून टाका.

"शिकारी कुत्र्यांचे ट्रेनर" असं मात्र छापू नका. आमच्या बॅनरवर तेच आलं आणि शेजारचे आजोबा विचारायला लागले, हे ससे मारायचे का? शिकार वन्यजीव कायद्याने, १९७२ च्या, गुन्हा आहे आणि काकांनी आयुष्यभर डमीच फेकली. स्पोर्टिंग डॉग म्हणजे रिट्रीव्हर, स्पॅनियल, पॉइंटर असं सरळ लिहा, आपला कारवान हाउंड त्यात येत नाही, तो नजरेने सावज हेरून त्यामागे पळणारा.

त्यांची शिट्टी अ‍ॅक्मे कंपनीची असेल तर तिच्यावर नंबर बघा, २१०½ वगैरे. त्याच नंबरची दुसरी घेतली तरी सूर तोच लागतो, त्यामुळे मूळ शिट्टी घरच्यांकडेच राहू द्या. फक्त त्यांची फुंकायची पद्धत माहीत असलेल्या कुणाकडून रेकॉर्ड करून घ्या, एक लांब म्हणजे बस, छोट्या छोट्या म्हणजे ये.

जमायचं तर रविवारी सकाळी लवकर. आमच्या नाशकातल्या गोल्फ क्लब मैदानावर चालणाऱ्यांची गर्दी असते, आम्ही मखमलाबादला एकाच्या मळ्यात जमलो. तिथे बागेखाली पडलेले द्राक्षाचे मणी आधी झाडून घ्या, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीवर जातात, आणि मिसळीच्या प्लेटा खाली ठेवू नका, कांदाही त्यांना विषच. आता नाशकात हे दोन्ही टाळायचं म्हणजे कसरतच आहे. माईक नको, भाषण दोन मिनिटं, कुत्रे पट्ट्यात.

शेवटी त्यांनी शिकवलेल्या सगळ्यात म्हाताऱ्या कुत्र्यासाठी डमी फेका, जवळच फेका, त्याचे गुडघे दुखत असतात. चार झाल्या की पिशवीत भरा, तो कितीही तोंडाकडे बघत बसला तरी.