जुन्या आगबोटीचं चरित्र कसं जुळवावं: 'मॅग्डाला'चा धडा

आगबोटीचं चरित्र लिहायचं तर आधी तिचा शेवट शोधा. मी उलटीकडून सुरुवात केली आणि फसलो. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधलेली चिलखती 'मॅग्डाला' कुठे लढली, हे शोधत पुराभिलेखागारात कित्येक दुपारी घालवल्या. ती कुठेच लढली नव्हती. १९०३ मध्ये भंगारात गेली, बस्स. हे आधी कळलं असतं तर लढाया सोडून रोजच्या नोंदींकडे वळलो असतो.

मग नाव पारखा. १८६८ मध्ये ब्रिटिश सेनापती नेपियरच्या फौजेनं इथिओपियातला (तेव्हाचा अ‍ॅबिसिनिया) मॅग्डाला हा डोंगरी किल्ला घेतला, त्यावरून हे नाव. तिच्या जोडीला मुंबईत आलेली, आकारानं लहान 'अ‍ॅबिसिनिया'ही त्याच मोहिमेच्या नावाची. इथे सांभाळा! क्युनार्ड कंपनीचीही एक 'अ‍ॅबिसिनिया' होती, तीही १८७० चीच. १८९१ मध्ये भर समुद्रात जळाली. माझ्या वहीत ती आग आठवडाभर आपल्या मुंबईच्या बोटीच्या नावावर होती.

तारखांसाठी तीन रकाने आखा: जलावतरण, काम पुरं झालं ती तारीख, मुक्कामी पोचली ती तारीख. पुस्तकं यातली कुठलीही एक देऊन मोकळी होतात.

चित्रं मात्र सावकाश बघा. 'मॅग्डाला'ला एरवी शिडं नव्हती, पण लंडनहून मुंबईला येताना तात्पुरत्या तीन डोलकाठ्या चढवल्या होत्या. डोलकाठ्या दिसल्या म्हणून 'ही दुसरीच बोट' म्हणू नका. मग तोफा बघा. दोन फिरत्या बुरुजांत मिळून दहा इंची चार, तोंडाकडून भरायच्या. १८९२ मध्ये त्या काढून आठ इंची, मागून भरायच्या बसवल्या. तारीख नसलेल्या फोटोचं दशक ठरवायला याहून पक्की खूण मला सापडली नाही.

आणि बोटच उरली नसेल तर तिची बहीण गाठा. 'मॅग्डाला'च्याच धाटणीची 'सर्बेरस' मेलबर्नच्या रक्षणासाठी गेली. तीही कधी लढली नाही. १९२६ मध्ये मेलबर्नजवळच्या हाफ मून बे इथे लाटा अडवायला तिला मुद्दाम बुडवली. १९९३ मध्ये आतला सांगाडा खचला, तरी बुरूज पाण्यावर आहेत. 'मॅग्डाला'चे बुरूज केवढे होते ते मला कळलं ते 'सर्बेरस'च्याच फोटोंवरून.