प्रायश्चित्ताचा धडा घरसभेत कसा घ्यावा: तीन संध्याकाळची आखणी

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, दिवस आले की सोलापुरातल्या मंडळ्यांत घरसभा वाढतात आणि वधस्तंभाचा विषय कुणी ना कुणी घेतोच. बहुतेक वेळा तो एका बैठकीत उरकला जातो: माणूस पापी, देव न्यायी, येशू आपल्यासाठी मेला, विश्वास ठेवा. यात खोटे काही नाही. पण ऐकणारा घरी जाताना मनात एवढेच घेऊन जातो की देव रागावला होता आणि रक्त पाहून शांत झाला. ख्रिस्ती विश्वास असे शिकवत नाही. म्हणून तिन्ही संध्याकाळी प्रत्येक शास्त्रभाग वाचून झाला की एकच प्रश्न विचारायचा: इथे देणारा कोण आणि घेणारा कोण? उत्तर वहीत लिहून घ्यायचे. पुढची सगळी मांडणी या प्रश्नावर उभी आहे.

आधीची तयारी

बारा ते पंधरा माणसे पुरेत. वीसच्या वर गेली की तीच ती चार माणसे बोलतात, बाकीचे माना डोलावतात. वेळ साडेसात ते नऊ. मार्चअखेर पत्र्याची खोली रात्री आठलाही तापलेली असते, तेव्हा गच्ची मिळाली तर गच्ची घ्या. वार ठरवण्याआधी त्या गल्लीत नळाला पाणी कधी येते ते विचारा. पाण्याच्या दिवशी सभा ठेवली तर अर्धे घर हंड्या-पिंपांत अडकलेले असते आणि दोष मात्र लोकांच्या भक्तीला दिला जातो.

आपल्याकडे एकाच खोलीत मराठी, तेलुगू आणि कन्नड बायबले उघडली जातात. पानाचा नंबर सांगून उपयोग नाही. पुस्तक, अध्याय, वचन असे दोनदा सांगा. पुस्तकांची नावे भाषेगणिक बदलतात, त्यामुळे लेवीय म्हणण्याबरोबर ‘जुन्या करारातले तिसरे पुस्तक’ असेही म्हटले की सगळ्यांना चटकन सापडते.

सामान थोडेच लागते: साठ बाय नव्वद इंची एक सोलापुरी चादर, दोन चिठ्ठ्या, वह्या-पेने, आणि तिसऱ्या दिवसासाठी लोखंडी घमेले व काडेपेटी.

पहिली संध्याकाळ: लेवीय १६

या अध्यायाला पूर्ण दीड तास द्या. तो न कळता पुढे गेलात तर इब्री लोकांस पत्र वाचताना नुसते शब्द कानावरून जातात.

आधी चादर. लांबीत एकदा आणि रुंदीत एकदा दुमडली की पंचेचाळीस बाय तीस इंचांची घडी होते. रुंदीची तीन इंच कड आत वळवा. निर्गम २५:१७ मध्ये कराराच्या कोशावरचे दयासन, म्हणजे त्या पवित्र पेटीचे सोन्याचे झाकण, अडीच हात लांब व दीड हात रुंद सांगितले आहे. हात म्हणजे साधारण अठरा इंच, म्हणजे पंचेचाळीस बाय सत्तावीस. ही घडी खोलीच्या मधोमध ठेवा आणि सांगा, वर्षातून एक दिवस, यहुदी पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला, एकच माणूस एवढ्याशा जागेसमोर जात असे. लहान मुलेसुद्धा घडीभोवती आपोआप गप्प होतात.

मग अध्यायातल्या कृती क्रमाने वाचा आणि क्रम चुकू देऊ नका. महायाजक अंग धुतो आणि साधी तागाची वस्त्रे घालतो. लोकांकडून दोन बोकड घेतो, त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकतो: एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी, म्हणजे रानात सोडायचा. इथे दोन चिठ्ठ्या खरोखर काढायला लावा. पण पहिला बळी बोकडाचा नाही. आधी गोऱ्हा, आणि तो याजकाच्या स्वतःच्या व त्याच्या घराण्याच्या पापासाठी. हे वचन ज्याला पाळक व्हायचे आहे त्याने दोनदा वाचावे. मग धुपाटण्यात निखारे आणि दोन ओंजळी बारीक कुटलेला धूप. धुराने दयासन झाकले जाते, नाहीतर याजक मरेल असे स्पष्ट लिहिले आहे. मग गोऱ्ह्याचे रक्त बोटाने दयासनाच्या पूर्वेच्या बाजूवर आणि पुढे सात वेळा. त्यानंतर परमेश्वराच्या वाट्याच्या बोकडाचा वध, आणि रक्त तसेच शिंपडणे.

शेवटी जिवंत बोकड. याजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, लोकांचे सगळे अपराध कबूल करतो आणि नेमलेल्या माणसाबरोबर त्याला रानात पाठवतो.

सर्वात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. शिकवणारे दोन बोकडांचा एक करून टाकतात: ‘पाप बोकडावर ठेवले आणि त्याला मारले.’ अध्याय तसे म्हणत नाही. ज्याच्यावर पाप कबूल केले तो जिवंत जातो. ज्याचे रक्त शिंपडले त्याच्यावर त्या दिवशी पापाची कबुली झालेली नाही. रक्त लोकांच्या अशुद्धतेने विटाळलेले पवित्रस्थान शुद्ध करते (वचन १६), आणि दुसरा बोकड पाप वाहून दूर नेतो (वचन २२). शुद्ध होणे आणि दूर जाणे, दोन्ही मिळून प्रायश्चित्त. स्तोत्रसंहिता १०३:१२ लगेच जोडून वाचा.

आता प्रश्न विचारा. देणारा कोण? लोक पटकन म्हणतील, माणूस देतो, देव घेतो. आपल्या भागात नवसाचा बोकड सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे हे उत्तर येणारच. कुणाच्या देवधर्मावर बोलत बसू नका, सभा तिथेच भरकटते. सरळ लेवीय १७:११ काढा: प्राण्याचे जीवन रक्तात आहे आणि ते वेदीवर प्रायश्चित्तासाठी ‘मी तुम्हांला दिले आहे’ असे देवच म्हणतो. वाट देवाने काढली आहे. त्या दिवशी लोकांनी करायचे ते एवढेच: काम बंद ठेवायचे आणि जिवाला नम्र करायचे (१६:२९).

दुसरी संध्याकाळ: वधस्तंभ

पाच भाग, याच क्रमाने: यशया ५३, मार्क १०:४५, रोमकरांस ५:६-११, २ करिंथकरांस ५:१८-२१, इब्री १०:१-१४. प्रत्येकाला दहा मिनिटे, मग तोच प्रश्न. रोमकरांसमध्ये आपण पापी असतानाच देवाने आपली प्रीती दाखवली, म्हणजे प्रीती आधी, मरण नंतर. मरणामुळे देवाला प्रीती सुचली असे नव्हे. करिंथकरांसमध्ये देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. समेटासाठी ज्याला वळायचे आहे तो माणूस आहे. इब्रीमध्ये एक बारीक गोष्ट दाखवा: रोजचा याजक उभा राहून तेच ते बळी देतो, ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. याजक उभा, कारण त्याचे काम संपतच नाही.

देवाचा क्रोध वगळून धडा गोड करू नका. रोमकरांस १:१८ आहे तिथेच आहे. अन्यायाचा राग न येणारा देव ज्याची मजुरी बुडवली गेली त्याच्या काय कामाचा? पण तो क्रोध एका बाजूला पिता आणि दुसऱ्या बाजूला बिचारा पुत्र अशी फूट पाडत नाही. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो, माझा जीव माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन देतो.

म्हणून दोन उदाहरणे कायमची बाजूला ठेवा. एक, रेल्वेचा पूल सांभाळणारा बाप गाडी वाचवण्यासाठी आपल्या मुलाला चिरडू देतो ती गोष्ट. रेल्वेच्या गावात ती हमखास सांगितली जाते आणि डोळेही ओले होतात. पण त्यात मुलाला काही माहीत नाही, त्याची संमती नाही, आणि बापाने गमावले ते दुसऱ्याचे आयुष्य. दुसरे, न्यायाधीश आरोपीला सोडून निरपराध तिसऱ्याला फाशी देतो. कोर्टात जाऊन आलेला कुणीही विचारेल की हा न्याय कसा, आणि त्याचे बरोबर असेल.

वधस्तंभाने नेमके काय साधले याची उत्तरे मंडळीच्या इतिहासात अनेक आहेत. त्यांना वीस मिनिटे, जास्त नाही. चौथ्या शतकात न्यिसाचा बिशप ग्रेगरी म्हणाला की ख्रिस्ताच्या जिवाची खंडणी सैतानाला दिली गेली. त्याचाच मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी याने ते साफ नाकारले. १०९८ च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने मांडले की पापाने देवाचा मान बुडवला आणि ती भरपाई फक्त देव-मानवच करू शकतो. बाराव्या शतकात फ्रेंच विचारवंत अबेलार्डने भर दिला तो वधस्तंभ पाहून माणसाच्या मनात पेटणाऱ्या प्रेमावर. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी, विशेषतः कॅल्व्हिनने, शिक्षा ख्रिस्ताने आपल्या जागी भोगली हे पुढे आणले. आज बहुतेक प्रॉटेस्टंट व्यासपीठांवरून हेच ऐकू येते, म्हणून लोकांना ते एकच उत्तर वाटते. निकेयाचा विश्वासांगिकार, म्हणजे चौथ्या शतकातली विश्वासाची कबुली, ‘आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी’ एवढेच म्हणतो आणि पद्धत ठरवून देत नाही. सभेत कॅथलिक शेजारी, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि पेंटेकॉस्टल मंडळीचे लोक एकत्र असतील तर ही माहिती भांडण वाचवते.

तिसरी संध्याकाळ: क्षमा मिळाल्यावरचे काम

लेवीय ६:१-७ वाचा. फसवून, लुबाडून किंवा सापडलेले दडपून ठेवून घेतलेले असेल तर मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, तोही मालकाच्या हातात, आणि मग दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा बळी. फळ्यावर हिशेब मांडा. भिशीच्या पैशातून पाच हजार वापरले. पाचवा हिस्सा एक हजार. परत करायचे सहा हजार, ज्याचे गेले त्याला. मंडळीच्या दानपेटीत नाही. दानपेटी ही इथली नेहमीची पळवाट आहे. मत्तय ५:२३-२४ तर सांगते की अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी भावाकडे जा.

मग लूक १९:१-१०. जकातदार जक्कय फसवून घेतलेले चौपट परत देतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, पण वचनांचा क्रम पाहा: पाचव्या वचनात येशू ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ म्हणतो, पैशाची गोष्ट आठव्यात येते. भरपाई हे क्षमेचे भाडे नाही. इथे कॅथलिक मंडळींना कमी लेखू नका. पापनिवेदनानंतर धर्मगुरू जे प्रायश्चित्त सांगतात ते क्षमा विकत घेण्यासाठी नसते. क्षमा झाली तरी पापाने केलेली मोडतोड उरते, ती सुधारण्यासाठी असते.

आपापले पाप चिठ्ठ्यांवर लिहून जाळायचे असेल तर कलस्सैकरांस २:१४ वाचून करा. कागद तळहाताएवढा, दोनदा दुमडलेला, त्यावर कुणाचेही नाव नको. स्वतःची चिठ्ठी स्वतःच घमेल्यात टाकायची. टोपलीत गोळा केल्या की एखादी उलगडते आणि मग महिनाभर गल्लीत तोच विषय. उघड कबुलीला आग्रह करू नका, आणि दुसऱ्याचे पाप सांगायला लागलेल्याला तिथेच थांबवा.

एका बाबतीत कसलीही ढिलाई नको. ‘ख्रिस्ताने क्षमा केली, तूही कर’ असे म्हणून मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरात पाठवू नका. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते प्रार्थनेत मिटवण्याचे प्रकरण नाही. गुन्हेगाराचा पश्चात्ताप खरा असेल तर तो ठाण्यापर्यंत चालत जाऊ शकतो.

‘सगळे फिटलेच आहे तर पाप करत राहिलो म्हणून काय?’ असे कुणीतरी विचारेल, बहुधा कॉलेजातला मुलगा. रागावू नका, पौलाने हाच प्रश्न रोमकरांस ६:१ मध्ये स्वतः विचारला आहे. पुढची दहा वचने त्यालाच वाचायला द्या.

पैसे परत करायला जाताना एकट्याने जाऊ नये, मंडळीतले एक वडीलधारे माणूस बरोबर घ्यावे. पूर्ण रक्कम हातात नसेल तर हप्ते लिहून द्यावेत. समोरचा घेत नसेल तर एकदा आठवड्याने पुन्हा विचारावे. तो वारला असेल तर वारसांना, आणि कोणीच नसेल तर गणना ५:८ मध्ये ती रक्कम याजकाला द्यायला सांगितली आहे; त्याच धर्तीवर ती पाळकांमार्फत गरिबांच्या निधीत जाऊ शकते. पावतीवर मात्र देणगी असे लिहू नये.