क्षारपड रानात रब्बीची वैरण : घास, मका की कडवळ?

पाऊस उघडला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की आमच्या कृष्णाकाठी रानात पांढरं फुटतं. मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ, कुठंही जावा, उसाच्या पट्ट्यात हेच चित्र. पावसात जे मीठ खाली गेलेलं असतं तेच उन्हानं पाण्याबरोबर ओढून वर येतं, आणि नेमकं त्याच टायमाला आपण घास म्हणजे लसूणघास टाकायला बसतो, मग आठ दिवसांनी बघावं तर वाफ्यात मधे मधे टक्कल. बी खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण. मीपण भांडलोय, खोटं कशाला बोलू.

आता हल्ली पुडीवरच लिहून येतं, क्षार सहन करणारं वाण. हे लिहिलेलं खोटंच असतं असं नाही, पण क्षार सहन करणं म्हणजे नक्की काय हे कळल्याशिवाय त्या चार शब्दांचे जास्तीचे पैसे देऊ नका. बोंडअळीसाठी कापसात एक-दोन जीन घातले आणि काम झालं, तसं मिठाचं होत नाही. त्यात बरेच जीन गुंतलेले असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. काही पिकं मुळाशीच सोडियम, म्हणजे मिठातला त्रास देणारा भाग, अडवतात, म्हणजे वर जाणाऱ्या नळीत शिरलेला सोडियम परत खाली खेचून घेतात, पानापर्यंत जाऊच देत नाहीत. काही पिकं तो पानात येऊ देतात पण पेशीच्या आतल्या एका पिशवीत कोंडून ठेवतात. आणि ऱ्होड्स गवत, कर्नाल गवत यांच्या पानावर तर बारीक ग्रंथी असतात, त्यातून मीठ सरळ बाहेर टाकतात, सकाळी पानावरनं बोट फिरवून जिभेला लावून बघा, खारट लागतं. आपल्या बांधावरच्या हरळीलाही हे जमतं. म्हणून रान मेलं तरी हरळी मरत नाही!

यातला सोडियम अडवणारा जीन शास्त्रज्ञांना चांगला सापडलाय. केरळच्या खाऱ्या पाण्यातल्या पोक्कली भातात गुणसूत्र १ वर तो भाग आहे, त्याला साल्टोल म्हणतात, आणि तो साध्या संकरातून दुसऱ्या भातांत नेलाय. ऑस्ट्रेलियात एका जुन्या नात्यातल्या गव्हाचा असाच जीन पास्त्याच्या गव्हात आणला, तिथं खाऱ्या रानात २५ टक्क्यांपर्यंत उत्पन्न वाढल्याचं २०१२ साली छापून आलं. पण भात-गव्हाचं सोपं असतं, स्वतःच स्वतःचं परागीकरण करतात, एकदा जीन बसला की पुढच्या बियात तसाच राहतो.

घासाचं तसं नाही. घासात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन नाही, चार प्रती असतात, शिवाय फूल मधमाशीवर अवलंबून, परागकण शेजारच्या झाडाचा. त्यामुळं एकाच पुडीतल्या दोन बिया सख्ख्या बहिणी असतील नाहीतर चुलतसुद्धा नसतील. तुम्ही आरएल-८८ वाण घ्या नाहीतर आणखी कुठलं, रानात उभी राहते ती मिसळलेली गर्दी, त्यात पाच-दहा झाडं मिठाला दाद न देणारी आणि बाकीची मऊ. त्या टक्कल पडलेल्या वाफ्यात मधेच एखादा झुबका हिरवागार का दिसतो त्याचं एक कारण हे (दुसरं कारण तिथं मीठच कमी असतं, ते पुढं सांगतो).

आता यंदाचं बोलू. आधी माती तपासा, आणि रिपोर्ट हातात आला की ईसी (मातीत मीठ किती त्याचं माप) कशावर काढलाय ते विचारा. आपल्याकडं बहुतेक लॅबमध्ये १ भाग माती आणि अडीच भाग पाणी असं ढवळून काढतात, पुस्तकातले पिकांचे आकडे मात्र संपृक्त मातीच्या अर्काचे, म्हणजे माती पाण्यानं पुरी भिजवून तिच्यातनं ओढून काढलेल्या पाण्याचे असतात, आणि त्यात तीच माती बरीच जास्त ईसी दाखवते. अडीच पाण्याच्या रिपोर्टात १ च्या आत असेल तर बहुतेक पिकांना चालतं, वर असेल तर संपृक्त अर्काचा ईसी मागून घ्या. तो ४ च्या वर म्हणजे रान खारवट.

हा आकडा हातात असला की मग निवड सोपी. घासाला २ पर्यंत काही होत नाही, त्याच्यापुढं दर एका आकड्याला साधारण ७ टक्के उत्पन्न कमी. मका तशीच, १.८ पासूनच रडायला लागते. बरसीम १.५ पासून. ज्वारी (वैरणीला केली की तिलाच कडवळ म्हणतात) मात्र ६.८ पर्यंत हलत नाही, आणि जव म्हणजे सातू चाऱ्यासाठी घेतला तर ६ पर्यंत. म्हणजे ईसी ६ असलेल्या रानात घासाचं २९ टक्के जाईल, मक्याचं ३१, आणि ज्वारी-जवाचं काहीच नाही. मग ६ च्या रानात मका लावून खत वाढवत बसण्यात काय अर्थ, सांगा. फक्त एक ध्यानात ठेवा, ज्वारी हद्द ओलांडली की एकदम बसते, प्रत्येक आकड्याला १६ टक्के, त्यामुळं १० ला तिचं निम्मं गेलेलं असतं आणि घासापेक्षा फार काही बरी राहत नाही. जवाचं तिथंही २८ टक्केच जातं. आपल्याकडं जव कुणी करत नाही, पण ५०-५५ दिवसांनी एक कापणी वैरणीला घेऊन पुढं दाण्याला सोडता येतो, दोन-चार गुंठ्यात करून बघायला काय जातंय. कडवळाला अजून एक, मिठाच्या ताणात वाढलेली कोवळी ज्वारी जनावराला घालू नका, किराळ लागतं म्हणजे विषबाधा होते, फुलोरा येऊन गेल्यावरच कापा.

आणि ज्या कोपऱ्यात पाणीच साचतं तिथं वरचे आकडे विसरा. पाणथळ आणि खारं एकत्र आलं की मुळाला हवा मिळत नाही आणि सोडियम अडवायला लागणारी ताकदच संपते, मग जीन कितीही भारी असू द्या. तिथं पॅरा गवताची ठोंबं लावून मोकळे व्हा. चोपण असेल, म्हणजे सामू (पीएच) ८.५ च्या वर, भेगा पडलेल्या, पाणी वर थांबतंय, तर कर्नाल गवत चांगलं, ते जमीनही सुधारतं. जिप्सम चोपणालाच टाकायचा, तोही रिपोर्टात सांगितला तेवढा. नुसत्या खारवट रानात जिप्समवर पैसे घालवण्यापेक्षा चर काढा, पाण्याला बाहेर जायला वाट नाही तर मीठ जाणार कुठं?

घासच लावायचाय, दुधाचा धंदा आहे, दुसरं चालत नाही, असं असेल तर आधी ट्रे भरून बघा. टक्कल पडतं तिथली वरची माती एका ट्रेत, चांगल्या रानाची दुसऱ्या ट्रेत, दोन्हीत मोजून १००-१०० बिया, आणि पाणी आपल्याच विहिरीचं किंवा बोअरचं, कारण बऱ्याच वेळा गुन्हेगार बोअर असतो. दहाव्या दिवशी मोजा. फरक थोडा असेल तर एकरी १० किलोऐवजी १२-१३ किलो टाकून निभावतं, निम्म्याच्या खाली आलं तर ते रान यंदा घासाला देऊ नका. मात्र उगवणीत पास झालेलं बी पुढं पण पास होईल असं धरू नका. अमेरिकेत ॲरिझोनात १९८० च्या दशकात खाऱ्या पाण्यात उगवणारा घास निवडून तयार केला होता, उगवायचा झकास, पण उगवणीची सहनशक्ती आणि मोठ्या झाडाची सहनशक्ती यांचे जीन बरेचसे वेगळे, एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही.

पेरताना सरी-वरंब्याच्या माथ्यावर बी टाकू नका. पाणी सरीतून चढतं आणि मीठ माथ्यावर गोळा होतं, बी बगलेला टाका. पहिले तीन आठवडे पाणी हलकं आणि लवकर लवकर, वरचा थर वाळू द्यायचा नाही. पोटॅश द्यायचंच असेल तर सल्फेटचं द्या, म्युरेट म्हणजे क्लोराईडच, आधीच आहे तेवढं बास.

राहिला तो हिरवा झुबका. त्याला काठी रोवून खूण करा, आणि त्याच्या मुळापाशी एक वीतभर माती काढून वेगळी तपासा. तिथला ईसी शेजारच्या टकलाइतकाच निघाला तर ते झाड सोनं समजा, कमी निघाला तर झाडाची काही करामत नाही, सोडून द्या. अशी खरी झाडं पाच-सात नकोत, निदान तीस-चाळीस तरी धरा, थोड्या झाडांवरनं बी धरलं तर पुढची पिढी नात्यातल्या नात्यात होऊन खुजी निघते. दोन-तीन कापण्या वैरणीला घेऊन फेब्रुवारीत ती बियाला सोडा, आणि त्या दिवसांत बाजूचा चांगल्या रानातला घास फुलावर येऊ देऊ नका, आधीच कापून जनावरांना घाला, नाहीतर माशा तिकडचा पराग आणून सगळं परत मिसळून ठेवतील. मे महिन्यात शेंगा वाळल्या की झोडपायच्या, बियात अमरवेलीचं बी नाही ना ते चाळून बघायचं, आणि पुढच्या ऑक्टोबरात हे बी त्याच टक्कल पडलेल्या वाफ्यात टाकायचं, चांगल्या रानात नाही.