घरच्या वेब सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम आणि डिस्कची मांडणी कशी ठरवावी

घरी वेब सर्व्हर उभा करायचं ठरलं की पहिला वाद हमखास 'कुठली लिनक्स?' यावर रंगतो. हे म्हणजे आधी कळस, मग पाया. लिनक्स पसंत पडली नाही तर एका संध्याकाळीत बदलता येते; डेटा गेला की गेला. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी काय साठवायचं, मग कशावर, आणि त्यानंतर कुठल्या सिस्टीमखाली.

पायरी १: काय जपायचं आहे ते लिहून काढा

कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात परत कधीच मिळणार नाही असं सगळं: डेटाबेस, अपलोड झालेले फोटो, तुमचं लिखाण. दुसऱ्यात पुन्हा करता येईल पण वेळ खाईल असं: वेब सर्व्हरच्या सेटिंग्ज, क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) कामं, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट. तिसऱ्यात पुन्हा डाउनलोड होणारं: ऑपरेटिंग सिस्टीम, पॅकेजेस, कॅशे. साधी घरगुती साइट असेल तर पहिला रकाना बहुधा काही जीबींतच आटोपतो. तो आकडा डोळ्यासमोर आला की चार डिस्कच्या मनोऱ्याची हौस बरीचशी ओसरते.

पायरी २: डिस्क निवडा

सिस्टीम, डेटाबेस आणि साइट यांसाठी एक एसएसडी. फोटो-व्हिडिओंचा मोठा साठा असेल तरच जोडीला हार्ड डिस्क. मेमरी कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर सर्व्हर कायमचा चालवू नका. लॉग आणि डेटाबेस सतत थोडं थोडं लिहीत राहतात आणि ते त्यांना फार काळ सोसत नाही.

हार्ड डिस्क घेताना ती सीएमआर आहे की एसएमआर, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहा. एसएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, सीएमआरमध्ये ते सुटे असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारचीही हलवावी लागतात. बॅकअप ठेवायला ती चालेल. डेटाबेसला किंवा रेडला (अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत, पुढच्या पायरीत) नको.

पायरी ३: रेड हवा की नको, याचं खरं उत्तर द्या

रेड १ म्हणजे दोन डिस्कवर एकच मजकूर. एक डिस्क मेली तरी साइट चालू राहते. बस, एवढंच. चुकून फोल्डर पुसलात तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी पुसला जातो. कुणी साइटमध्ये शिरून फाइली बदलल्या, तर बदललेल्या फाइलींच्याही दोन प्रती होतात. रेड साइट बंद पडण्यापासून वाचवतो. डेटा जाण्यापासून वाचवतो तो बॅकअप.

म्हणून स्वतःला विचारा: साइट दिवसभर बंद राहिली तर कुणाचं काही अडेल का? नसेल अडत, तर एक एसएसडी आणि नीट बॅकअप पुरे. दुसरी डिस्क आरशासाठी खर्ची घालण्यापेक्षा बॅकअपला द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

अडत असेल, तर दोन डिस्कचा सॉफ्टवेअर रेड १ करा. लिनक्समध्ये त्यासाठी एमडीएडीएम हे साधन आहे. मदरबोर्डवरच्या रेडच्या पर्यायाकडे दुर्लक्ष करा, कारण बोर्ड बदलला की त्या डिस्क दुसरीकडे वाचायला त्रास होऊ शकतो. रेड ५ ची (तीन किंवा अधिक डिस्कवर डेटा पसरवणारी मांडणी) घरच्या साइटला सहसा गरज पडत नाही. बदललेली डिस्क पुन्हा भरायला लागणारा वेळही धरून चला: ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगानं सलग लिहिली तरी साडेसात तासांच्या आसपास जातात, आणि साइट चालू असेल तर त्याहून जास्त.

आता दोन हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी. पहिली: ईएफआय पार्टिशन (मशीन बूट करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) सहसा रेडच्या बाहेर असतं. ते फक्त पहिल्या डिस्कवर असेल आणि तीच मेली, तर दुसरीवर सगळा डेटा शाबूत असूनही मशीन बूट होत नाही. ते दुसरीवरही तयार करा आणि पहिली काढून बूट करून बघा. दुसरी: डिस्क मेल्याची सूचना ईमेलनं यायला हवी. नाहीतर रेड महिनोन्महिने एका पायावर उभा असतो आणि कुणाला पत्ता नसतो.

पायरी ४: फाइलसिस्टीम

फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. काही खास कारण नसेल तर ईएक्सटी४. ती जुनी आहे, कंटाळवाणी आहे, आणि सर्व्हरवर हे दोन्ही गुणच. एक बारकावा: ती रूट वापरकर्त्यासाठी (सिस्टीमच्या प्रशासकासाठी) ५ टक्के जागा राखून ठेवते. सिस्टीमच्या डिस्कवर ते योग्यच आहे, पण ४ टीबीच्या डेटा डिस्कवर त्यात २०० जीबी अडकतात. ट्यून२एफएस या कमांडनं ते प्रमाण १ टक्क्यावर आणता येतं.

एक्सएफएस मोठ्या फाइलींना उत्तम, मात्र ती वाढवता येते, आकसवता येत नाही. बीटीआरएफएसमध्ये स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) आणि चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायची खूण) मिळतात. तिचे रेड ५ आणि ६ टाळा.

झेडएफएसचं कौतुक खूप होतं आणि ते रास्त आहे: खराब झालेला ब्लॉक ती चेकसमवरून ओळखते आणि दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते. पण दुसरी डिस्क असेल तरच. एकाच डिस्कवर ती साधारणपणे बिघाड झाल्याचं सांगून थांबते. शिवाय परवान्यांच्या अडचणीमुळे ती लिनक्सच्या कर्नेलचा, म्हणजे गाभ्याचा, भाग नाही. लिनक्सच्या प्रकारांपैकी उबुंटू तिचं तयार मॉड्यूल देते, डेबियनवर कर्नेल बदलला की ते नव्यानं बांधलं जातं, आणि फ्रीबीएसडीत (लिनक्सपेक्षा वेगळी, युनिक्सच्या वंशातली सिस्टीम) ती मुळातच असते.

पायरी ५: आता ऑपरेटिंग सिस्टीम

कसोटी एकच: सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळतील, आणि त्या काळात ती तुमचा किती वेळ मागेल? डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (दीर्घकालीन) आधार मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये १३ वी आवृत्ती आली. उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं चालते. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स दहा वर्षांचा आधार देतात. या दोन्हींच्या जन्मामागे एक धडा आहे: त्यांच्याआधीची तशीच मोफत लिनक्स असलेल्या सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं आधी सांगितलेलं होतं, डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ च्या अखेरीवर आणली गेली.

फेडोराची आवृत्ती जेमतेम १३ महिने टिकते. डेस्कटॉपला छान, पण कोपऱ्यात ठेवून विसरायच्या मशीनला नाही. विंडोज तेव्हाच, जेव्हा साइट एएसपी डॉट नेटच्या जुन्या, विंडोजलाच बांधलेल्या रूपावर उभी असेल. फ्रीबीएसडी झेडएफएससाठी मोहात पाडते. तिची सवय असेल तर जरूर घ्या.

काहीच ठरत नसेल तर डेबियन. ज्याला फोन करून अडचण विचारता येते असा मित्र उबुंटू वापरत असेल, तर मात्र उबुंटू.

पायरी ६: इन्स्टॉल करताना

डेस्कटॉप टाकू नका. एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षितपणे लॉग इन करण्याची सोय) आणि मूळ साधनं पुरेत. ईएफआयला ५१२ एमबी, बाकी सगळं एलव्हीएमखाली (डिस्कची जागा लवचिक भागांत वाटणारी सोय). रूटला, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य भागाला, ३० जीबी, साइट आणि डेटाबेसला वेगळा भाग, आणि उरलेली जागा रिकामीच ठेवा. ईएक्सटी४ चालू असतानाच वाढवता येते, त्यामुळे जिथे कमी पडेल तिथे नंतर देता येईल. अपलोड वेगळ्या भागात असले की ते भरले तरी सिस्टीम गुदमरत नाही.

दुसरी डिस्क एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) यूयूआयडीनं, म्हणजे तिच्या ठरावीक ओळख क्रमांकानं, नोंदवा आणि 'नोफेल' हा पर्याय लावा. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टीम दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या मोडमध्ये जाते; स्क्रीन नसलेल्या मशीनवर ते कळतही नाही. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली तर वीज परत आल्यावर मशीन पासवर्डची वाट पाहत थांबेल, हेही आधीच ठरवून घ्या. स्वयंचलित सुरक्षा अपडेट लगेच चालू करा.

पायरी ७: बॅकअप, आणि तो परत आणून बघणं

चालू डेटाबेसच्या फाइली थेट कॉपी करू नका. प्रत अर्धवट निघते. आधी डेटाबेसच्याच साधनानं डंप (पूर्ण मजकुराची एक फाइल) काढा, मग तो आणि पहिले दोन रकाने रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या साधनानं रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर पाठवा. एक प्रत घराबाहेर हवी, एन्क्रिप्ट केलेली, आणि तिचा पासवर्ड या मशीनव्यतिरिक्त कुठेतरी लिहिलेला.

साइट जगासमोर उघडण्याआधी दुसऱ्या कुठल्याही मशीनवर, व्हर्च्युअल असलं तरी चालेल, केवळ बॅकअपवरून ती उभी करून दाखवा. जे अडेल ते पहिल्या कागदावर लिहा. तीच तुमची पुनर्बांधणीची यादी. मग बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावा, मशीन बंद करून प्लग काढा, पुन्हा लावा, आणि कुठल्याही बटणाला हात न लावता साइट मोबाइल डेटावरून उघडते का ते तपासा.