फिगरच्या चिलखताला जुनेपणा कसा आणावा
ॲक्शन फिगर (हातपाय वळवता येणारी खेळण्यातली छोटी मूर्ती) रंगवण्याआधी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. फिगर ज्या साच्यात बनते त्याचा तेलकटपणा राहिला तर रंगाचे पापुद्रे सुटतात. चिलखताला काळ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्या. मग चपट्या ब्रशवर किंचित चंदेरी रंग घ्या आणि कागदावर इतका पुसा, की रेघ जेमतेम उमटेल. तोच ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. कडा उजळतात, खाचा काळ्याच राहतात. काय सुंदर दिसतं ते! आवडत्या फँटसी सिनेमातला लढाईचा प्रसंग थांबवून पाहा: चिलखत झिजतं ते कोपरांवर, खांद्यांवर, पट्ट्याखाली, सगळीकडे सारखं नाही. सांध्यांवर रंग कमीत कमी ठेवा, नाहीतर हात वळवताच खरवडतो. आणि मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, वार्निशचा स्प्रे पावसाळी दमट हवेत मारू नका, पांढुरकी झाक येते.