घरशाळा, तीन मुलं: सत्राअखेर कोणाला काय येतं ते कळत नव्हतं

लक्षण: तिघांच्या (वय १३, ९, ६) वह्या भरलेल्या, तोंडी उत्तरंही बरोबर, पण मधल्याला एकट्याला बसवलं की गाडी अडते. तिघांची एकत्र चाचणी घेतली, रोजनिशी ठेवली, उपयोग शून्य. फार वैताग आला होता. एका खोलीत थोरलीचं उत्तर धाकट्यांच्या कानावर पडतं, हे खरं कारण.

जमलं ते असं. आधी ई-बालभारतीवरून त्या त्या इयत्तेच्या पुस्तकाची मोफत पीडीएफ उघडायची. प्रत्येक धड्यातलं एक सोडवलेलं उदाहरण घेऊन आकडे बदलायचे. मग एकेका मुलाला वेगळं बसवायचं, सकाळी, धाकट्यापासून सुरुवात करून. कोरा कागद द्यायचा, आपण गप्प राहायचं. शेवटी ‘कसं केलंस?’ एवढंच विचारायचं.

मधल्याने ५०२ − २६७ = ३६५ लिहिलं. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा! शतक मोडून दशक सुटे करणं त्याला आलंच नव्हतं, आणि वहीत ते कधीच दिसलं नसतं.

धड्यापुढे खूण: आपणहून, मदतीने, नाही. पुढचं सत्र ‘मदतीने’वाल्या धड्यांपासून सुरू करायचं.

थोरलीला एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळाच्या) ‘सी’ स्तराच्या परीक्षेला (आठवी समकक्ष) बसवायचंय, म्हणून तिची तपासणी मात्र लेखी, घड्याळ लावून.